सात मिनिटांची वजाबाकी

जगात एकच व्यक्ती अशी आहे, जी दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाला शिंक यायच्या आधी त्याच्या हातात रुमाल ठेवते आणि वर "आता शिंका, पुढे वेळ मिळणार नाही," असंही बजावते. ती व्यक्ती म्हणजे आमच्या बाई! दादरला, हिंदमाताच्या अलीकडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचं मंगल कार्यालय आहे. बाई तिथल्या व्यवस्थापक आणि मी सहायक व्यवस्थापक, असं निदान दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात अकरा वर्षं मी "हो बाई" म्हणत जिना चढलो आणि "आलो बाई" म्हणत उतरलो. कार्यालयाला मालक म्हणून कोणी एक गृहस्थ आहेत. ते वर्षातून दोनदा यायचे आणि येण्याआधी बाईंना फोन करून "येऊ ना?" असं विचारायचे. बाई "साडेचारनंतर या, चपला बाहेर काढा," असं सांगायच्या, आणि ते तसंच करायचे.

बाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढचं. उंची बेताची, साडी सुती आणि चुणीदार, डोळ्यांवर चष्मा आणि कमरेला एकतीस किल्ल्यांचा जुडगा. एकतीस हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. दर शनिवारी त्या माझ्याकडून त्या किल्ल्या मोजून घेत, आणि मोजून झाल्या की पुन्हा स्वतः मोजत. साखरेच्या कपाटाची किल्ली, अक्षतांच्या डब्याची किल्ली, माइकच्या खोक्याची किल्ली, इतकंच काय, वधूपक्षाच्या खोलीतल्या आरशाला एक झडप होती, तिचीही किल्ली! "आरसा उघडा राहिला की नवरी वीस मिनिटं उशिरा निघते," असं बाईंचं म्हणणं होतं. आरसा किती वेळ उघडा ठेवायचा हे त्या नवरीच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत, आणि कमाल म्हणजे नवऱ्या ते मुकाट्याने ऐकत.

हॉलमध्ये बावीस पंखे होते आणि प्रत्येक पंखा बाईंना नंबरने माहीत होता. तळघरात बसून हिशेब तपासत असल्या तरी वरचा पंखा कुरकुरला की त्यांचा फोन आलाच म्हणून समजा. "परब, सतरा नंबर." एवढंच. फोन बंद! मी पळत जाऊन बघावं तर खरंच सतरा नंबरचा पंखा रडत असायचा. पंगतीच्या वाढपाचं तर विचारूच नका. मिठापासून लिंबू चार बोटं, लिंबापासून चटणी दोन बोटं, कोशिंबीर डावीकडेच आणि तीही पानाच्या शिरेला न टेकता. बुफेवाल्या लग्नांत त्यांना चैन पडत नसे. लोक आपापल्या हाताने वाढून घेतात ही गोष्ट त्यांना अराजकासारखी वाटायची. एकदा नवे वाढपी आले, तेव्हा त्यांनी भर दुपारी रिकाम्या हॉलमध्ये चाळीस पानं मांडली आणि बादल्यांत नुसतं पाणी घालून त्यांच्याकडून आमटी, कढी, मठ्ठा अशी सगळी पंगत वाढून घेतली. जेवणारा मी एकटा. प्रत्येक पानावर दोन मिनिटं बसायचं, "वाढा", "पुरे", "थोडं आणखी" म्हणायचं आणि पुढच्या पानावर सरकायचं. एकोणतिसाव्या पानावर मी म्हटलं, "बाई, खरोखरची भूक लागलीय हो." बाई म्हणाल्या, "मग चेहरा पाहुण्यांसारखा ठेवा. तो आता नोकरासारखा झालाय."

घरी मी हे सगळं सांगायचो तेव्हा माझी आई पोट धरून हसायची. आम्ही लालबागचे, वडिलांची सगळी हयात गिरणीत गेली आणि आईची त्या गिरणीच्या भोंग्यावर भात टाकण्यात. ती म्हणायची, "अरे झिला, ही बाय नाय, गिरणीचो भोंगो आसा!" पण गिरणीचा भोंगा दिवसातून ठरावीक वेळा वाजायचा. बाईंना तसं काही बंधन नव्हतं.

माझं स्वतःचं लग्न याच कार्यालयात झालं. दुसरीकडे करायची माझी फार इच्छा होती, पण तारीख सांगायला गेलो तर बाईंनी आधीच वहीत माझं नाव घालून ठेवलेलं! लग्नाच्या दिवशी सकाळी मुंडावळ्या बांधून, शेरवानी चढवून मी जिना चढतो तर समोर हजेरीपुस्तक. "रजेची सही राहिलीय," बाई म्हणाल्या. मी मुंडावळ्या बाजूला सारून सही केली. आंतरपाट धरलेला, गुरुजींचा आवाज टिपेला पोहोचलेला, आणि मला आपलं नऊ नंबरच्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मान आपोआप वर गेली. तेवढ्यात कानाजवळ आवाज आला, "परब, आज तुम्ही रजेवर आहात. समोर बघा." माझी बायको आजही म्हणते, की आमच्या लग्नात तिच्याकडे बघायचा हुकूम मला बाईंनी दिला होता.

बाईंच्या राज्यात टिकून राहायचं तर काही युक्त्या हव्यातच. आमच्या आचाऱ्यांनी एक काढली होती. बाई जिन्यावर दिसल्या की ते कढईवर झारा दोनदा आपटायचे. ठण् ठण्! मग गप्पा मारणारे सगळे भांडी पुसायला लागत. गुरुजींनी दुसरी काढली होती. बाई मध्ये बोलल्या की ते डोळे मिटून एखादा लांबलचक मंत्र सुरू करत. मंत्रात व्यत्यय आणायचं धाडस बाईंनाही नव्हतं. पण आमची सगळ्यांत मोठी, सामुदायिक आणि गुप्त युक्ती होती घड्याळाची.

हॉलमध्ये व्यासपीठाच्या बरोबर समोर एक मोठं गोल घड्याळ होतं. बाई ते सात मिनिटं पुढे लावत. मुंबईकर माणूस कुठेही सात मिनिटं उशिरा पोहोचतो, तेव्हा घड्याळच सात मिनिटं पुढे असलं की तो वेळेवर येतो, असा त्यांचा शोध होता. "माझ्या कार्यालयात माझं घड्याळ," असा नियमच होता. शिवाय मुहूर्ताच्या आधी तासभर आम्हा सगळ्यांचे मोबाइल बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जमा व्हायचे आणि तो डबा कपाटात कुलूपबंद. गुरुजींचाही फोन त्यातच. मनगटी घड्याळ घालायची आमच्यात कुणाला सवय नाही. मग काय, आम्ही गुपचूप वजाबाकी शिकलो! घड्याळात बारा एकोणतीस दिसले की खरे बारा बावीस. गुरुजी त्या हिशेबाने मंगलाष्टकं सुरू करायचे, आचारी त्या हिशेबाने जिलेबी तळायला घ्यायचे, वाजंत्रीवाले त्या हिशेबाने शेवटचा चहा प्यायचे. अकरा वर्षं एकही मुहूर्त चुकला नाही. बाईंना वाटे, आपल्या घड्याळामुळे. आम्हाला ठाऊक होतं, आपल्या वजाबाकीमुळे. त्या गुपिताचा आम्हाला इतका आनंद होता की त्याच्या जोरावर आम्ही बाकीचे सगळे नियम सहन करत होतो.

मला एकच गोष्ट सहन होत नव्हती. अकरा वर्षांत बाईंनी मला एकही मुहूर्त एकट्याने सांभाळू दिला नाही! मुहूर्त सांभाळणं म्हणजे काय, तर व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभं राहायचं, नवरीला मामाबरोबर बाहेर आणायचा इशारा द्यायचा, आंतरपाट धरणाऱ्यांना जागेवर उभं करायचं, पितळेची घंटा वाजवून सातशे माणसं गप्प करायची आणि ऐन क्षणी वाजंत्र्यांकडे हात वर करायचा. सगळ्या लग्नाचा जीव त्या दहा मिनिटांत असतो. ती घंटा बाईंशिवाय कुणी वाजवायची नाही. मी कितीदा म्हटलं, "बाई, एक मुहूर्त माझ्यावर सोडून बघा ना." त्यांचं उत्तर ठरलेलं, "वेळ आली की देईन." मला मिळायचं ते मुहूर्तानंतरचं काम, अहवालाचं. दर लग्नानंतर बाईंच्या टेबलासमोर उभं राहून सगळं इत्थंभूत सांगायचं. त्या लाल पेन उघडून बसत आणि असले प्रश्न विचारत की घाम फुटावा. नवरीने हार घालताना आधी कुठला हात उचलला? वरमाईने अक्षता टाकल्या की फेकल्या? मला "लक्षात नाही" म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं की लाल पेन वहीत काहीतरी नोंद करायचं, आणि ती नोंद काय असते हे मला कधीच कळलं नाही.

शेवटी मी राजीनामा लिहिला. परळला, वडिलांची गिरणी होती त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये नवा बँक्वेट हॉल निघाला होता आणि त्यांनी मला बोलावलं होतं. तिथे मी मुख्य व्यवस्थापक होणार होतो! मी मोठ्या आवेशात लिहिलं, की अकरा वर्षांत मला एकही मुहूर्त स्वतंत्रपणे सांभाळू दिला गेला नाही, सबब मी राजीनामा देत आहे. कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि छाती पुढे काढून उभा राहिलो. बाईंनी लाल पेन उघडलं. पाच मिनिटांनी कागद परत दिला. "दुसरा परिच्छेद पहिला घ्या. तिसऱ्यात रागाचा सूर आहे, तो काढा. समास डावीकडे सोडतात. उद्या पक्का करून आणा." दुसऱ्या दिवशी मी पक्का करून नेला. त्यातही त्यांनी तीन ठिकाणी खुणा केल्या. तिसरा खर्डा वाचून म्हणाल्या, "आता बरा झालाय," आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. मला त्या शाबासकीचा इतका आनंद झाला की आपण नोकरी सोडायला आलो होतो हे मी विसरलो आणि वर जाऊन खुर्च्या लावू लागलो. परळवाल्यांचा फोन आला तेव्हा आमच्याकडे मुंज चालू होती आणि माझा फोन डब्यात होता.

आणि मग ती बातमी आली. बाईंच्या मुलीचं, केतकीचं लग्न ठरलं!

कार्यालय कुठलं हा प्रश्नच नव्हता. पण दुसरा एक प्रश्न होता, आणि तो पहिल्यांदा आचाऱ्यांच्या लक्षात आला. त्यांनी झारा हवेत धरला आणि डोळे मोठे करून म्हणाले, "परब, अरे, नवरीची आई!" मी दोन क्षण बघत राहिलो आणि मग जिन्यातच टुणकन उडी मारली. आमच्याकडे बऱ्याच घरांत रीत आहे, मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीच्या आईने मांडवात थांबायचं नाही. आतल्या खोलीत जाऊन तुळशीला पाणी घालायचं. लेकीवर अक्षता पडताना आईने बघायचं नाही. आणि ही रीत आमच्या कार्यालयात बाईंइतकी कडक कुणीच पाळली नव्हती. किती आया दाराशी रेंगाळायच्या, पडदा सारून बघू पाहायच्या, "एवढंच बघते हो," म्हणायच्या. बाई त्यांच्या दंडाला धरून आत घेऊन जायच्या, तांब्या हातात द्यायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. आता त्या स्वतः नवरीची आई होत्या. म्हणजे मुहूर्ताच्या वेळी त्या आत! म्हणजे बाहेर कोण?

आदल्या संध्याकाळी बाईंनी मला बोलावलं. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा, पितळी घंटा आणि बारीक अक्षरात लिहिलेली चार पानं. "परब, वेळ आलीय," त्या म्हणाल्या. मग पानं माझ्याकडे सरकवून, "सूचना लिहिल्यात. नीट वाचा. रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि सकाळी एकदा." एकतीस किल्ल्या कमरेला लावून मी घरी आलो तेव्हा आईने दिवा ओवाळला. खरं सांगतो, मी सूचनांचं पहिलं पान वाचलं. दुसरं चाळलं. तिसऱ्यावर वधूपक्षाच्या उशांच्या अभ्र्यांविषयी होतं. तिथे माझ्या आत अकरा वर्षांचं काहीतरी उसळून आलं आणि मी म्हटलं, बस्स! उद्या मुहूर्त माझा आहे, मला माझी कामं कळतात. चारही पानं घडी करून खिशात टाकली. हाताखालच्या माणसाने वरिष्ठाविरुद्ध करावं एवढं मोठं बंड मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

मुहूर्त बारा बत्तीसचा. काय सांगू तो थाट! जिन्यापासून झेंडूच्या माळा, सनई अशी लागलेली की पंखेसुद्धा कुरकुरायचे थांबलेले. बाई मोतिया रंगाच्या पैठणीत होत्या आणि कमरेला किल्ल्या नसल्यामुळे त्यांना चालताना अवघडल्यासारखं होत होतं. हात सारखा कमरेकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. त्यांचे यजमान, अतिशय मवाळ गृहस्थ, आयुष्यभर एका सरकारी कचेरीत कारकून, मला बाजूला घेऊन म्हणाले, "परब, कन्यादान करताना मी बसायचं कुठे हे तुम्ही सांगाल ना? एरवी ही सांगते." सगळं कसं माझ्या ताब्यात! मी फोन गोळा केले, डब्यात टाकले, कपाटाला कुलूप लावलं.

घड्याळात बारा वीस झाले आणि बाई उठल्या. केतकी शेजारच्या खोलीत गौरीहरापाशी बसली होती. तिच्या डोक्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि कुणी न सांगता आतल्या खोलीत गेल्या. दार स्वतःच ओढून घेतलं. मी मनात वजाबाकी केली. खरे बारा तेरा. बाई सात मिनिटं आधीच आत गेल्या! मला गलबलून आलं. आईचं काळीज शेवटी, असं मी गुरुजींना म्हटलं. गुरुजींनीही मान हलवली आणि पानाचा डबा उघडला. वेळ भरपूर होता. बाईंच्या नणंदेने स्वतः रचलेली नऊ मंगलाष्टकं आणली होती. एरवी बाई आत्यांना दोनच कडवी देत, पण आज राज्य माझं होतं. मी उदारपणे म्हटलं, "आत्या, नऊच्या नऊ म्हणा!" त्यांनी मला तोंड भरून आशीर्वाद दिला. वराचे वडील घड्याळाकडे बघत आले, "अहो, वेळ झाली ना?" मी हसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काका, बसा निवांत. अजून चौदा मिनिटं आहेत." घड्याळात तेव्हा बारा पंचवीस झाले होते.

आणि कपाटात फोन वाजायला लागला. आधी एक वाजला, तो थांबला, मग दुसरा. डब्यात असल्यामुळे पत्रा थडथडत होता. मी म्हटलं वाजू दे. मुहूर्ताच्या वेळी फोन घ्यायचा नाही हा बाईंचाच नियम. मग आतल्या खोलीच्या दारावर धाडधाड थापा पडल्या. दार उघडलं मात्र नाही. सनईच्या वर चढून बाईंचा आवाज आला, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

"परब! त्रेसष्टावा मुद्दा वाचलात का?"

मी खिशातून पानं काढली. चौथ्या पानाच्या तळाशी, लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं होतं: 'केतकीच्या मुहूर्ताला खोटी वेळ नको, म्हणून घड्याळ आज बरोबर लावले आहे. आपण सर्व मंडळी नेहमी करता ती सात मिनिटांची वजाबाकी आज करू नये.'

माझ्या तोंडचं पाणीच पळालं! बाईंना ठाऊक होतं. अकरा वर्षं ठाऊक होतं! पण त्याची लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता, कारण घड्याळात बारा सव्वीस झाले होते आणि ते खरेच बारा सव्वीस होते. सहा मिनिटं! नवरी अजून गौरीहरापाशी, नवरदेव फोटो काढून घेतोय, गुरुजींच्या तोंडात पान! आणि दाराआड एक बाई, जिला बाहेर येऊन हे सगळं एका मिनिटात सरळ करता आलं असतं, पण जी उंबरा ओलांडणार नव्हती. जे शेकडो आयांना तिने करू दिलं नाही, ते ती स्वतः करणार नव्हती. माझ्या चुकीने तिच्या एकुलत्या लेकीचा मुहूर्त टळला असता तरी नाही.

त्यानंतर मी काय केलं हे मला विचारलंत तर सांगता येणार नाही; ते माझ्या अंगात शिरलेल्या बाईंनी केलं. मी घंटा अशी बडवली की सातशे माणसं जागच्या जागी थिजली. "मामा, नवरीला घ्या, चाला! आंतरपाट डावीकडून, टोकं ताठ! फोटोवाले, मागे! गुरुजी, थुंका!" गुरुजी थुंकून आले. "आत्या, एक कडवं!" आत्या म्हणाल्या, "अरे, तू तर नऊ म्हणालास!" मी म्हटलं, "आत्या, एक, नाहीतर तेही नाही." आत्या आजही माझ्याशी बोलत नाहीत. वाजंत्रीवाले चहाचे पेले खुर्च्यांखाली सारून धावले, आचाऱ्यांनी झारा सोडून अक्षतांची ताटं फिरवली, आणि वराचे वडील, ज्यांना मी निवांत बसवलं होतं, त्यांनाच मी आंतरपाटाचं एक टोक धरायला लावलं. गुरुजींनी मंगलाष्टकं अशी सोडली की श्वास कुठे घेतला ते त्यांनाच माहीत. बारा एकतीस. मी हात वर केला. घड्याळाचा काटा सरकला, बत्तीसवर गेला, आंतरपाट उडाला, सनई-चौघडा कडाडला आणि केतकीवर अक्षतांचा असा पाऊस पडला की मी, अकरा वर्षं लग्नं बघितलेला माणूस, भोकाड पसरून रडलो!

भानावर आलो तेव्हा घंटा हातातच होती. मी आतल्या खोलीपाशी गेलो, दारावर टकटक केली. शिव्या खायची तयारी होती. राजीनामा ड्रॉवरमध्ये पक्का केलेला होताच. बाईंना फक्त तारीख घालायची होती.

बाई तुळशीसमोर पाटावर बसल्या होत्या. तांब्या रिकामा होता, शेजारची कळशीही रिकामी होती. कुंडीतून पाणी ओसंडून पैठणीच्या काठापर्यंत आलं होतं आणि त्यांच्या ते लक्षात नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "अहवाल," त्या म्हणाल्या.

मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि सांगू लागलो. "आंतरपाट बारा बत्तीसला निघाला. एक सेकंदही इकडे-तिकडे नाही. केतकीने आधी उजवा हात उचलला. हार उंच धरला होता, पण नवरदेव उंच आहे, म्हणून तो स्वतःच वाकला. तिने हसू दाबलं. डावीकडच्या गालाला अक्षतांचा एक दाणा चिकटला होता, तो तिने पुसला नाही. कन्यादानाच्या पाटाकडे बघून तिने वडिलांना डोळ्यांनीच खूण केली, इथे बसा म्हणून, अगदी तुमच्यासारखी. आणि हार घालून झाल्यावर तिने मान वळवली आणि या दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. गुरुजींनी दोनदा हाक मारली, तेव्हा समोर वळली."

बाईंच्या हातात लाल पेन नव्हतं. मी थांबलो. मला वाटलं आता त्या चूक काढतील, विचारतील की बराच वेळ म्हणजे नेमका किती. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. अकरा वर्षं या अहवालांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण त्यांनी असं बघायला शिकवलं नसतं, तर त्या दिवशी माझ्याकडे सांगायला काय असतं?

दुपारी सव्वातीनला त्यांनी किल्ल्या परत मागून घेतल्या आणि माझ्यासमोर मोजल्या. घंटा मी पुढे केली, तर म्हणाल्या, "ती राहू दे तुमच्याकडे." सोमवारी येऊन बघतो तर घड्याळ पुन्हा सात मिनिटं पुढे! आमची वजाबाकीही पूर्वीसारखीच चालू राहिली. फक्त नियमांच्या वहीत एक नवा नियम आला होता: मुहूर्तानंतर सर्वांत आधी वधूच्या आईला अहवाल द्यावा, आणि तिचं समाधान होईपर्यंत द्यावा.

बाईंना निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. केतकी बंगळुरूला असते. फणसवाडीतल्या दोन खोल्यांत बाई आणि त्यांचे यजमान राहतात. यजमानांच्या चहाला किती साखर याची एक वही तिथे नक्की असणार. एकतीस किल्ल्या आता माझ्या कमरेला आहेत आणि त्यांचं वजन मला अजून सवयीचं झालेलं नाही. पंखा कुरकुरला की मी थांबून फोनची वाट बघतो. लग्नाच्या दिवशी मात्र दुपारी चारच्या सुमाराला फोन येतोच, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहतो. मिठापासून लिंबापर्यंत सगळं विचारून होतं, सतरा नंबरच्या पंख्याची चौकशी होते, आणि फोन ठेवायच्या आधी बाईंचा शेवटचा प्रश्न येतो.

"आणि परब, नवरीच्या आईला सांगितलंत?"

"हो बाई," मी म्हणतो. "दोनदा."